कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि पोट बिघडलं, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५३. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १७२ आणि एचबीएवनसी (म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ६.९ निघालं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी रात्री ॲटोरवास्टॅटिन २० (ही स्टॅटिन गटातली गोळी) आणि मधुमेहासाठी दोन वेळा मेटफॉर्मिन ५०० लिहून दिलं. आठ-दहा दिवसांत पोटात गुडगुड, गॅस, सकाळी ऑफिसला निघायच्या आधी दोन-तीनदा पातळ शौच. तुम्ही गोळ्या बंद केल्यात, चार दिवसांत बरं वाटलं. आता विचारताय की कोलेस्टेरॉलची गोळी सोसत नाही, तर बदलून घ्यावी, एक दिवसाआड घ्यावी, की सरळ एखादी आयुर्वेदिक कॅप्सूल सुरू करावी. शिवाय या गोळीने लिव्हर खराब होतं का, हेही. आणि जाता जाता लिहिलंय, ‘पथ्य मात्र नीट पाळत होतो. सकाळी अनशापोटी लसूण, जवसाची पूड, ओट्स. संध्याकाळी मोड आलेली कडधान्यं.’

मी त्या शेवटच्या ओळीपाशी थांबलो. प्रश्न तुम्ही एका गोळीबद्दल विचारलाय, पण त्या पंधरवड्यात तुमच्या पोटाला एकदम पाच-सहा नव्या गोष्टींना तोंड द्यावं लागलंय. बंद करतानाही तुम्ही दोन्ही गोळ्या एकदमच बंद केल्यात, आणि पोट बिघडल्यावर घरात ओट्स-मोड बाजूला ठेवून मऊ भात आणि ताक सुरू झालं असणार, हेही मी गृहीत धरतो. त्यामुळे चार दिवसांत बरं वाटलं यावरून एवढंच कळतं की यातलं काहीतरी झेपत नव्हतं. कोणतं, ते कळत नाही. तरी आळ आला तो कोलेस्टेरॉलच्या गोळीवर, कारण तिच्याबद्दल आधीच वाईट ऐकलेलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार ओपीडीत मी वरचेवर बघतो. आणि एकदा ‘मला स्टॅटिन सोसत नाही’ असं ठरलं, की ते केसपेपरवर चढतं आणि माणूस पुढची दहा वर्षं त्या औषधाच्या वाटेला जात नाही. म्हणून दुसरी कोणती गोळी घ्यायची हा प्रश्न नंतरचा. आधी पोट नक्की कशामुळे बिघडलं ते शोधू.

स्टॅटिनने पोट बिघडतच नाही, असं मी म्हणणार नाही. जुलाब, अपचन, मळमळ, गॅस, बद्धकोष्ठता हे सगळं त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. पण त्याच पत्रकात शेजारच्या रकान्यात आणखी एक आकडा असतो, तो कोणी वाचत नाही. ॲटोरवास्टॅटिनच्या चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्यांपैकी ६.८ टक्के लोकांना जुलाब झाले, आणि औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपैकी ६.३ टक्क्यांना. अपचनाचे आकडे ४.७ आणि ४.३. मळमळीचे ४ आणि ३.५. म्हणजे ज्यांचं पोट बिघडलं त्यांतल्या बहुतेकांचं ते गोळी घेतली नसती तरी बिघडलंच असतं. एरवीही आपलं पोट महिन्या-दोन महिन्यांतून कुरकुरतंच. फक्त एरवी त्याचा दोष बाहेरच्या मिसळीला जातो, नवी गोळी चालू असली की गोळीला.

आता मेटफॉर्मिनचे आकडे बघा. अमेरिकेतल्या माहितीपत्रकात साध्या मेटफॉर्मिनच्या एका अभ्यासाची नोंद आहे. त्यात जुलाब झाले ५३ टक्के लोकांना, आणि बिनऔषधाच्या गोळीवर १२ टक्क्यांच्या आसपास. तो डोस तुमच्यापेक्षा बराच मोठा होता हे खरं, पण फरक केवढा आहे ते दिसतं. त्याच औषधाच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळीवर, म्हणजे नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेलं असतं तिच्यावर, हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आत आहे. तुमच्या तक्रारीचं वर्णनही मेटफॉर्मिनच्याच वळणाचं आहे: पहिल्या पंधरवड्यात सुरुवात, सकाळी घाईची पातळ शौच, गुडगुड, तोंडाला किंचित धातूसारखी चव (ही तुम्ही लिहिलेली नाही, पण आठवून बघा). कोणी मला पैज लावायला सांगितली तर मी मेटफॉर्मिनवर लावीन. दुसऱ्या क्रमांकावर तुमचं पथ्य. स्टॅटिन तिसरं.

पथ्याला दुसरा क्रमांक दिला म्हणून घरच्या मंडळींनी रागावू नये. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात पडला की आपल्याकडे सोमवारपासून अख्खं स्वयंपाकघर बदलतं. काल पोहे खाणारा माणूस आज ओट्स खातो, त्यात दोन चमचे जवस, दुपारी काकडी-गाजर-बिटाची कच्ची कोशिंबीर ताट भरून, रात्री मटकी. यातली एकेक गोष्ट चांगलीच आहे. ओट्समधल्या आणि इसबगोलातल्या विरघळणाऱ्या तंतूंनी एलडीएल पाच ते दहा टक्क्यांनी उतरतं, हे सिद्ध झालेलं आहे. पण ज्या आतड्याला पन्नास वर्षं पोळी-भाजी-वरण-भाताची सवय आहे, त्याच्यावर तंतूंचा हा भार एका आठवड्यात टाकला तर ते गुरगुरणारच. लसणात आणि कडधान्यांत अशी कर्बोदकं असतात, जी लहान आतड्यात पचत नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि गॅस होतो. कच्चा लसूण अनशापोटी चावून खाणाऱ्यांना वर जळजळ आणि खाली गॅस, असा दुहेरी त्रास होतो. जवसाची पूड पोट साफ करणारीच आहे. चटणी म्हणून चमचाभर वेगळी आणि पाण्यात कालवून दोन मोठे चमचे वेगळी. बरं, एवढं करून लसणाने एलडीएल उतरतं ते थोडंथोडकंच, त्यासाठी रोज सकाळी तोंड भाजून घ्यायचं कारण नाही.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने केलेला एक अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे. २०२० साली तो प्रसिद्ध झाला, नाव सॅमसन. त्यात फक्त असे ६० जण घेतले, ज्यांनी स्टॅटिन सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्रास झाला म्हणून ते सोडलं होतं. प्रत्येकाला वर्षभराच्या बाटल्या दिल्या: चार महिने ॲटोरवास्टॅटिन २०, चार महिने दिसायला तशीच बिनऔषधाची गोळी, चार महिने रिकामी बाटली. कोणत्या महिन्यात गोळी खरी आणि कोणत्या महिन्यात पोकळ, हे त्यांना माहीत नव्हतं. त्रास किती झाला याला रोज शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८ गुण, पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे त्रास खराच होता, गोळी घेतल्यामुळेच होत होता, पण त्यातला नव्वद टक्के भाग गोळीतल्या औषधाचा नव्हता. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केलं. हा अभ्यास पोटाचा म्हणून नव्हता, अंगदुखीपासून सगळ्याच तक्रारी त्यात धरल्या होत्या. तरी मला तो उपयोगी वाटतो, कारण पेशंटला ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं सांगण्याऐवजी मी त्याला हा अभ्यास सांगतो. मनाचे खेळ म्हटलं की माणूस दुखावतो आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.

उरलेल्या थोड्यांना मात्र स्टॅटिनच सोसत नाही. ते ओळखायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. तक्रार गोळी सुरू केल्यापासून दोन-चार आठवड्यांत सुरू झालेली हवी. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त ती गोळी थांबवल्यावर ती जायला हवी. आणि फक्त ती गोळी पुन्हा सुरू केल्यावर परत यायला हवी. तिसरी पायरी कोणालाच आवडत नाही. बरं झालेलं पोट परत कशाला बिघडवायचं, असं वाटतं. पण खरा पुरावा तिथेच मिळतो.

तुमच्या बाबतीत मी काय करीन ते सांगतो. करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून, कारण किडनीची तपासणी, इतर औषधं, घराण्यात कोणाला कमी वयात झटका आलाय का, यावर बरंच अवलंबून आहे. पोट आता शांत आहे, हे सोयीचं झालं. खाणं आधी होतं तसं साधं ठेवायचं, नवं काही नको. मग तीन आठवडे फक्त ॲटोरवास्टॅटिन. ज्याच्यावर आळ आलाय त्यालाच आधी एकट्याला उभं करायचं, कारण हे औषध वर्षानुवर्षं घ्यायचं आहे आणि त्याच्याबद्दलचा संशय फिटणं सगळ्यात गरजेचं आहे. एचबीएवनसी ६.९ असताना मेटफॉर्मिन तीन आठवडे लांबलं तर बहुतेकांचं काही बिघडत नाही, पण याला तुमच्या डॉक्टरांचा होकार हवा. तीन आठवडे पोट ठीक राहिलं तर मेटफॉर्मिन, पण एसआर ५००, रात्रीच्या जेवणाच्या मध्येच किंवा जेवण संपता संपता, दिवसातून एकदाच. तेही दोन-तीन आठवडे जमलं की डोस वाढवायचा विचार. सगळ्यात शेवटी पथ्य परत, एका वेळी एक: आधी ओट्स, मग जवस एक चमचा, कडधान्यं मोड आणून पण नीट शिजवून. कच्चा लसूण नाही आणला तरी चालेल, फोडणीतला आहेच.

वहीत रोज एक ओळ लिहा: शौचाला किती वेळा, पातळ की घट्ट, गॅस, बाहेर काय खाल्लं. ‘बाहेर काय खाल्लं’ हा रकाना लग्नसराईत आणि श्रावणातल्या उपवासांत फार बोलका ठरतो. साबुदाणा-शेंगदाण्याच्या दिवसानंतरचं पोट आणि गोळीचं पोट वेगळं काढता येतं.

मेटफॉर्मिन एसआर घेताना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर घाबराल. कधी कधी शौचात गोळी जशीच्या तशी बाहेर पडलेली दिसते, फुगलेली, मऊ. लोक ती कागदात गुंडाळून मला दाखवायला आणतात. औषध तिच्यातून झिरपून गेलेलं असतं, ते नुसतं रिकामं कवच असतं. ती ‘पचली नाही’ असं समजून दुसरी घेऊ नका.

हा सगळा प्रयोग तुमच्यासारख्यांसाठी, ज्यांना अजून हृदयाचा त्रास झालेला नाही त्यांच्यासाठी. ज्यांना झटका येऊन गेलाय, स्टेन्ट बसलाय, बायपास झालीय, अर्धांगवायू होऊन गेलाय, त्यांनी स्टॅटिन स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवायचं नाही, आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणारी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल तर नाहीच. पोट बिघडलं तर त्याच दिवशी फोन करा, आम्ही बदल करून देतो.

स्टेन्टवाल्यांच्या पोटाची गोष्ट वेगळीच असते. त्यांची तक्रार बहुधा जुलाबाची नसते. छातीत-पोटात जळजळ, करपट ढेकर, रिकाम्या पोटी दुखणं. चिठ्ठीवर कोलेस्टेरॉलची गोळी म्हणून जी कॅप्सूल चालू असते तिच्यात बऱ्याचदा ॲस्पिरिनही असतं. इकोस्प्रिन-एव्ही नावातला ‘इकोस्प्रिन’ म्हणजे ॲस्पिरिन आणि ‘एव्ही’ म्हणजे ॲटोरवास्टॅटिन. काही कॅप्सुलांत क्लोपिडोग्रेल धरून तिन्ही असतात. पोटाच्या अस्तराला डिवचतं ते ॲस्पिरिन. तेव्हा ‘कोलेस्टेरॉलच्या गोळीने ॲसिडिटी होते’ म्हणणाऱ्याला मी आधी स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला लावतो. अशा पेशंटला शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं झालं तर तो पोटातला रक्तस्राव असू शकतो, लगेच दवाखान्यात जायचं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते ओळखायचं काम डॉक्टरांचं.

जळजळीबद्दल आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची. ज्या माणसाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्यातही मधुमेह आहे, त्याची ‘ॲसिडिटी’ ही दर वेळी ॲसिडिटी नसते. जिना चढताना, भरल्या पोटी चालताना, सामान उचलताना जळजळ किंवा छाती आवळल्यासारखं होत असेल आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत जात असेल, तर ती हृदयाची तक्रार समजून ईसीजी आणि पुढची तपासणी करून घ्या. बसल्या जागी जळजळीबरोबर घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, जीव घाबरला, तर सोडा किंवा ईनो पीत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. ‘गॅस धरलाय’ म्हणून रात्रभर ओवा चावत बसलेली माणसं सकाळी कोणत्या अवस्थेत येतात ते मी पुष्कळ पाहिलंय.

खऱ्या ॲसिडिटीत गोळी घेण्याची तऱ्हासुद्धा बघा. रात्री झोपताना, दिवा मालवता मालवता, घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळायची आणि लगेच आडवं व्हायचं, ही सवय वाईट. गोळी अन्ननलिकेतच रेंगाळते. ‘कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच घ्यायची’ हा नियम सिम्वास्टॅटिनसारख्या शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या जुन्या औषधांसाठी होता. ॲटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, ती सकाळी नाश्त्यानंतर घ्या, दुपारी घ्या, काही फरक पडत नाही. रोज एकच वेळ ठेवा, पेलाभर पाणी प्या, आणि अर्धा तास तरी बसते राहा.

ॲसिडिटीसाठी पांढरं पातळ औषध, म्हणजे ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं अँटासिड घेत असाल आणि चालू गोळी रोसुवास्टॅटिन असेल, तर दोन्ही बरोबर घेऊ नका. एकत्र घेतल्यास रोसुवास्टॅटिन जवळपास निम्मंच रक्तात पोचतं. आधी गोळी, मग निदान दोन तासांनी अँटासिड. आणि जठरातल्या एच. पायलोरी जंतूसाठी पंधरा दिवसांचं किट दिलं असेल तर त्यात क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आहे का बघा. त्याच्यामुळे काही स्टॅटिन रक्तात साठतात आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. सिम्वास्टॅटिन तेवढे दिवस बंद ठेवावं लागतं, ॲटोरवास्टॅटिनचा डोस मर्यादित करावा लागतो. पोटाच्या डॉक्टरांना तुमची कोलेस्टेरॉलची गोळी माहीत नसते आणि हृदयाच्या डॉक्टरांना पोटाचं किट, असं होतं. तुम्हीच दोघांना सांगा.

तुम्हाला बद्धकोष्ठतेचा त्रास नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला असेल. कोलेस्टेरॉल वाढलेलं, पोट साफ होत नाही, अंग दुखतं, वजन वाढतंय, थकवा आहे, असं एकत्र असेल तर गोळीला दोष देण्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी करा. थायरॉईड मंदावलं की हे सगळं होतं, कोलेस्टेरॉलही त्यानेच वाढतं आणि थायरॉईडच्या गोळीने बऱ्यापैकी खाली येतं. विशेषतः चाळिशी-पन्नाशीच्या बायकांमध्ये हे बघायचं राहून जातं. थायरॉईड ठीक असेल तर रात्री इसबगोल, भरपूर पाण्याबरोबर, बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब. पोटही साफ होतं आणि एलडीएलही थोडं उतरतं.

समजा, पुन्हा सुरू केल्यावर तुमचं पोट फक्त ॲटोरवास्टॅटिननेच बिघडलं. मग काय? मग पर्याय बरेच आहेत आणि आकड्यांनी ते समजतात. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं; म्हणजे डोस निम्मा केला तरी नुकसान तेवढंच. तुमचं १७२ धरा. ॲटोरवास्टॅटिन २० ने ते साधारण ९८ पर्यंत येईल, १० ने १०८ पर्यंत. त्या १० बरोबर एझेटिमाइब १० जोडलं तर आणखी पाचवा हिस्सा कमी होऊन ८७ च्या आसपास, म्हणजे एकट्या २० पेक्षाही खाली. एझेटिमाइब अन्नातलं आणि पित्तातलं कोलेस्टेरॉल लहान आतड्यात शोषू देत नाही. त्याने काहींना जुलाब होतात, पण बहुतेकांना छान चालतं. दुसरा मार्ग म्हणजे औषधच बदलणं, रोसुवास्टॅटिन ५ पासून सुरुवात. एका स्टॅटिनने ज्याचं पोट बिघडतं त्याला दुसरं चालून जातं, हे मी अनेकदा पाहिलंय. मधुमेह असल्याने तुमचं एलडीएल १०० च्या खाली हवंच. रक्तदाब, तंबाखू, घराण्याचा इतिहास यांपैकी काही जोडीला असेल तर ७० च्या खाली.

एक दिवसाआड घेण्याचं म्हणाल, तर रोसुवास्टॅटिन आणि ॲटोरवास्टॅटिन तशी देता येतात. ज्यांना रोजचा डोस खरंच झेपत नाही त्यांना मी देतो. एलडीएल रोजच्यापेक्षा कमी उतरतं, पण काहीच न घेण्यापेक्षा पुष्कळ बरं. अडचण अशी की दिवसाआडची गोळी लोक विसरतात. तेव्हा सोमवार-बुधवार-शुक्रवार असे वार ठरवून घ्या.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात. फेनोफायब्रेट ट्रायग्लिसराइडसाठी, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीसाठी देतात, त्याने अपचन होतं आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता थोडी वाढते. उजव्या बरगडीखाली दुखलं तर सोनोग्राफी. कोलेस्टिरामाइनची पूड पोट फुगवते, बद्धकोष्ठता करते, आणि इतर गोळ्या शोषू देत नाही, म्हणून त्या तासभर आधी किंवा चार-सहा तासांनंतर. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलने ढेकरांना वास येतो. जेवताना घेतली की कमी होतो. कोलेस्टेरॉलबरोबर रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी ओल्मेसार्टन हे नाव लक्षात ठेवावं: क्वचित काहींना ते महिनोन्‌महिने घेतल्यावर न थांबणारे जुलाब होऊन वजन घटतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये तसा इशाराच दिला होता.

लिव्हर खराब होतं का, हेही तुम्ही विचारलंय. शंभरात एखाद्याचं एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा) तिपटीच्या वर जातं, डोस कमी केला की उतरतं. खरी गंभीर इजा अतिशय दुर्मिळ. म्हणून २०१२ पासून अमेरिकेत दर काही महिन्यांनी लिव्हरची तपासणी करायची अटही काढून टाकली. सुरू करण्याआधी एकदा करतो, नंतर लक्षणं असतील तर. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहिलंय म्हणून स्टॅटिन बंद करणं तर उलटंच आहे, कारण फॅटी लिव्हरवाल्याला सर्वात मोठा धोका हृदयाचा असतो. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, अन्नावरची वासना गेली, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. वरच्या पोटात पाठीपर्यंत आरपार जाणारी कळ आणि उलट्या असतील तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे असलेल्यांत ती गोळीपेक्षा त्या ट्रायग्लिसराइडमुळेच येते. आणि गोळ्या बंद करूनही शौचाची सवय बदललेलीच राहिली, शौचात रक्त आलं, झोपेतून उठून शौचाला जावं लागलं, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तर ५३ व्या वर्षी मी गोळ्यांचा विचार सोडून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सुचवीन.

राहिली आयुर्वेदिक कॅप्सूल. वैद्यांशी माझं भांडण नाही, पण कोलेस्टेरॉलच्या कॅप्सुलांत बहुधा असतो तो गुग्गुळ. आपल्याकडे त्याच्यावर चांगलं काम झालं, बनारस हिंदू विद्यापीठात त्याची सुरुवात झाली आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्याचं औषध तयार झालं. पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची नीट चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरायच्या ऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ आलं. ‘पोटासाठी सौम्य’ म्हणून मिळणाऱ्या चूर्णांत बऱ्याचदा सोनामुखी असते, ती तर जुलाबाचंच औषध. आणि नैसर्गिकच हवं असेल, तर पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये बुरशीतूनच काढलं, हजारो बुरशी तपासून.

आता कामाचं. दोन्ही गोळ्यांच्या स्ट्रिपा, चालू असलेली इतर सगळी औषधं (चूर्णं धरून), जुना रिपोर्ट आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘मी गोळ्या बंद केल्यात’ हे पहिल्या वाक्यात सांगा. न सांगता लिपिड प्रोफाइल केलं आणि एलडीएल वाढलेलं दिसलं, तर डॉक्टरांना वाटतं औषध पुरत नाही आणि ते डोस वाढवतात; मग न घेतलेली २० ची गोळी ४० ची होते. मेटफॉर्मिन एसआर चालेल का आणि ते तीन आठवडे पुढे ढकलता येईल का, हे दोन प्रश्न विचारा. नव्याने सुरू केल्यानंतर लिपिड प्रोफाइल सहा ते आठ आठवड्यांनी करा. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं नसेल तर उपाशीपोटीच हवं असंही नाही.